नावाने हाक मारल्यावर

अंगणवाडीच्या शेवंताताई कागद वाचत होत्या,
मी उंबऱ्यावर बसून कूलरच्या मोटरला तेल देत होतो.
नावाने हाक मारल्यावर वळून पाहते का?
हो.
हवं ते बोटाने दाखवते का?
हो.
तुम्ही हसलात तर हसते का?
लिहा ना ताई, सारंच करते आमची.
वीस प्रश्न, वीस वेळा हो.
ताईंनी आमूकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं.
म्हणाल्या, कागद राहू द्या दादा तुमच्याजवळ.

आम्रपाली. नाव मी ठेवलं.
अडीच वर्षांत एकदाही वळली नाही त्या नावाला.
आमूला नाही, ठमीला नाही,
करुणा लाडाने म्हणते त्या पिंट्यालाही नाही.
कुल्फीवाल्याची घंटी मात्र
गल्लीच्या पार टोकाला वाजली तरी मान वर.
म्हणजे कान शाबूत.

शेजारणी म्हणायच्या, किती शांत पोरगी, गुणाची,
आमचं पोट्टं पाहा, घर डोक्यावर घेते.
मलाही बरं वाटायचं ते ऐकून.
पोरगा असता तर दीड वर्षाचा असतानाच उचलून नेला असता.
आई म्हणाली, तुझा भाऊ पाचव्या वर्षी बोलला,
आता थांबते का त्याचं तोंड?

मे महिन्यात इंदोऱ्यात मला जेवायला फुरसत नसते.
गंजलेल्या टाक्या, जळके पंप, ओल्या गवताचा वास,
आणि मधोमध आमू, फिरत्या पात्यासमोर,
केस उडताहेत, डोळे हलत नाहीत.
गिऱ्हाइकांना मी ऐटीत सांगायचो,
मेकॅनिक होऊन राहिली बापासारखी.

त्या रात्री लाइट गेली. मोबाइलच्या उजेडात कागद उलगडला.
अठरावा प्रश्न:
फिरणाऱ्या वस्तूंकडे बराच वेळ एकटक पाहते का?
हो.
वीसपैकी तेवढ्या एका ठिकाणी
मी खरं बोललो होतो.

मेडिकलला सकाळी सातची चिठ्ठी.
आधी कानाचा विभाग, मग लहान मुलांचा,
मग दुसरी इमारत, मग जेवणाची सुट्टी.
करुणाने वाटेत एकदाच विचारलं,
कागदावर एकदा लिहिलं की खोडता येते का?
मी चिवड्याची पुडी फोडत बसलो.

निखारे मॅडम खाली फरशीवरच बसल्या.
साबणाचे फुगे उडवले. थांबल्या.
पुन्हा उडवले. थांबल्या.
आमूने त्यांचा हात धरून फुग्याच्या नळीकडे नेला,
मॅडमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.
मॅडमनी काहीतरी लिहिलं. मला अक्षर लागलं नाही.
आमचं काय चुकलं, हे मी विचारलं.
त्या म्हणाल्या, अडीच वर्षांची आहे, वेळेत आणली.
घरी तिला काय आवडतं?
सांगायला लाज वाटली. कूलर, म्हटलं.
मग कूलरच, त्या म्हणाल्या.
बंद करायचा. वाट पाहायची. तिने पाहिलं, की सुरू.

वाट पाहणं माझ्या धंद्यात नाही.
गिऱ्हाईक दारात उभं असते, साहेब म्हणतात घरी म्हातारी तापली.
तरी आता रोज संध्याकाळी अर्धा तास
चालता कूलर बंद करून बसतो.
पातं मंद होतं, हलतं, थांबतं.
आमू माझा हात ओढून बटणावर ठेवते.
मी हात तसाच ठेवतो. घाम कानामागून उतरतो.
आतून आई ओरडते, काऊन बंद केला रे?

अकरा दिवस काही नाही.
बाराव्या दिवशीही नाही.
कधीतरी, तारीख लिहायची राहिली,
तिची नजर पात्यावरून निघाली, माझ्या शर्टाच्या गुंडीवर आली,
हनुवटीवर आली,
आणि डोळ्यांत, जेमतेम, पाखरू तारेवर बसावं तितकी.
माझं बोट बटण विसरलं.

पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे.
शाळेत विशेष शिक्षिका फक्त मंगळवारी येतात म्हणे,
तेही तीन शाळा मिळून एक.
करुणा चौकशी करून आली आहे, भांडूनही आली असावी.
शेवंताताईंना म्हटलं, तो कागद कोरा आणा पुन्हा.
त्या आल्या, उंबऱ्यावर टेकल्या, टोपण काढलं.
नावाने हाक मारल्यावर?

नाही, ताई.
नाही लिहा.
पुढचा विचारा.